आकड्यांत लपलेला जन्म

आजची गोष्ट एका खेळाच्या नियमपुस्तकांची. खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, आणि त्या पात्राला काय जमेल ते फासे नि आकडे ठरवतात. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप, असे सहा आकडे. ते कोणाला किती द्यायचे, यावरच पुढची पन्नास वर्षं वाद झाला.

१९७८चं ‘प्लेयर्स हँडबुक’ घ्या. योद्ध्याची ताकद १८ आली, की पुन्हा १ ते १०० मधला आकडा फाशांनी काढायचा. मानवी पुरुष १०० पर्यंत जाई, मानवी स्त्रीला मात्र ५० ला थांबवलेलं. म्हणजे सगळ्यात बलवान पुरुषाच्या घावात ६ ची भर पडायची, सगळ्यात बलवान स्त्रीच्या घावात ३ ची. बरं, याच खेळात ड्रॅगन आग ओकतात, त्याला कोणाची हरकत नाही! १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली.

पण ‘रेस’, म्हणजे वंश, तसाच राहिला. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क पात्राला ताकदीत अधिक २, बुद्धीत उणे २, छाप पाडण्यातही उणे २. पात्र अजून काही बोललेलंही नाही, आणि त्याची अक्कल ठरलेली! २०१४ला अर्ध-ऑर्कची उणी बाजू काढली, तर २०१६च्या एका पुस्तकात ऑर्कच्या बुद्धीला उणे २ परत आलं.

२०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिका ढवळून निघाली. जूनमध्ये कंपनीनं मान्य केलं, की खेळातल्या ऑर्क आणि ड्राऊ यांची वर्णनं खऱ्या जगातल्या माणसांना हिणवायला वापरलेल्या भाषेसारखी आहेत. नोव्हेंबरात नवा पर्यायी नियम आला: वंशाची भर हव्या त्या गुणाला लावा. २०२४ला ‘रेस’ शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला, आणि भर वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्यावर ठरू लागली.

आता गंमत बघा. पूर्वायुष्य ‘शेतकरी’ निवडलंत, तर भर मिळते ताकद, चिवटपणा आणि शहाणपण यांनाच. बुद्धीला नाही. मूळचे आकडे वाटताना बुद्धीला मोठा आकडा देता येतो, हे खरं. पण पुस्तकातली भर नाही. जन्म गेला, धंदा आला. ही अदलाबदल किती छोटी आहे, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून नवं नियमपुस्तक हातात आलं, की चित्रं नंतर बघा. आधी तक्ते वाचा. भेटू पुढच्या भागात.