पगारी गडी

इंग्लंडातील क्रिकेटच्या मैदानावर १९६२ सालापर्यंत दोन जाती नांदत होत्या. एक हौशी सद्गृहस्थांची, दुसरी धंदेवाईकांची. दोघांची कपडे बदलण्याची दालने निराळी, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही निराळी. छापील गुणपत्रिकेत हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी सन्मानाने बसत. धंदेवाईकाचे बहुधा नुसते आडनावच. जातिभेद म्हणजे काय हे आपल्याकडील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय खेळाडूलाही गडी व घरच्या चाकरालाही गडी म्हणणाऱ्या आपल्या मराठीने या प्रकरणाचे मर्म अनायासेच सांगून ठेवले आहे.

हॅरॉल्ड लारवुड हा नॉटिंगहॅमशायर परगण्यातील खाणकामगाराचा मुलगा, जन्म १९०४ चा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली व तो खाणीतील तट्टे सांभाळू लागला. अठराव्या वर्षी ट्रेंट ब्रिजच्या मैदानावर त्याची परीक्षा झाली आणि आठवड्यास ३२ शिलिंगांवर परगण्याच्या संघाने त्याला नोकरीस ठेवले. देह फारसा उंच नव्हे. पण धाव अशी सफाईदार व चेंडू असा वेगवान की १९२६ साली तो इंग्लंडकडून कसोटी सामना खेळला, आणि गोलंदाजीच्या सरासरीत पाच वेळा साऱ्या इंग्लंडात पहिला आला. परगण्याच्या गड्याचे आयुष्य मात्र या कीर्तीने बदलत नसे. उन्हाळाभर आठवड्याचे सहा दिवस खेळावे आणि बरीच वर्षे इमाने सेवा केल्यावर एका सामन्याचे उत्पन्न पदरात पडावे, एवढीच त्याची मजल.

१९३० साली ब्रॅडमनने इंग्लंडात कसोटी सामन्यांत ९७४ धावा केल्या. त्यावर उतारा शोधला तो डग्लस जार्डीनने. हा कर्णधार हौशी, ऑक्सफर्डचा पदवीधर. आणि जन्माने मुंबईचा, मलबार हिलवरचा. १९३२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पिकॅडिली हॉटेलात त्याने लारवुड व त्याचा सोबती व्होस यांना बोलावून बेत ठरवला : चेंडू शरीराच्या रोखाने टाकावयाचा आणि डाव्या बाजूस क्षेत्ररक्षकांचे कडे उभारावयाचे. ऑस्ट्रेलियात लारवुडने ३३ गडी बाद केले. ब्रॅडमनची सरासरी ५६ वर आली, ॲडलेडला वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, आणि दोन देशांत तारा खणखणू लागल्या. सिडनीच्या अखेरच्या सामन्यात लारवुडने फलंदाज म्हणून ९८ धावा काढल्या. पुढे गोलंदाजी करताना त्याचे पाऊल मोडले. ब्रॅडमन बाद होईपर्यंत जार्डीनने त्याला मैदान सोडू दिले नाही! तो वेग पुन्हा पूर्वीसारखा आला नाही.

१९३३ च्या अखेरीस जार्डीन संघ घेऊन हिंदुस्थानात आला; मुंबईच्या जिमखान्यावर येथील पहिला कसोटी सामना त्याच्याच नेतृत्वाखाली झाला. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात यावयाचा होता, व अधिकाऱ्यांना सलोखा हवा होता. तेव्हा परगण्याचे धनाढ्य आश्रयदाते सर ज्युलियन कान यांच्यामार्फत लारवुडला सांगण्यात आले की त्याने माफी मागावी. ज्याने बेत आखला त्याच्याकडे नव्हे, ज्याने तो हुकमाप्रमाणे पार पाडला त्याच्याकडे ही मागणी आली. लारवुडने ती साफ नाकारली. आपण कप्तानाची आज्ञा पाळली, तीत लज्जास्पद काही नाही, हे त्याचे म्हणणे. त्याचे वय तेव्हा अवघे २९ होते. तो इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही. त्या गोलंदाजीचे समर्थन करावे असे मला वाटत नाही. ती धोक्याची होतीच. परंतु दोष वाटताना वरचा हात मोकळा राहिला, हे विसरता येत नाही.

परगण्याकडून तो १९३८ पर्यंत खेळला. महायुद्धानंतर ब्लॅकपूलला त्याने मिठाईचे लहानसे दुकान काढले. दारावर स्वतःचे नाव लावले नाही. तेथे त्याला शोधीत आला जॅक फिंगल्टन, एके काळी त्याचाच मारा सोसलेला ऑस्ट्रेलियन फलंदाज. त्याच्या सल्ल्याने १९५० साली लारवुड बायको व पाच मुलींसह सिडनीस कायमचा राहावयास गेला. जहाज होते ‘ओरॉन्टिस’. १९३२ च्या संघाला नेणारे तेच. ज्या शहरात प्रेक्षकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली होती, तेथे त्याला शेजारी व नोकरी मिळाली. इंग्लंडच्या सरकारने त्याला एम. बी. ई. ही पदवी दिली ती १९९३ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी.