खाटेवरून उठलेली माणसे

वार्धक्य हाच रोग, त्याला औषध कसले, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नव्हे. १९३५ साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारचे जुने निर्धनांचे इस्पितळ जोडण्यात आले आणि तेथील सातशेहून अधिक रुग्ण डॉ. मार्जोरी वॉरन यांच्या हाती आले. बहुतेक वृद्ध, कित्येक वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. वॉरनबाईंनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, रोगानुसार वर्गवारी लावली, दालनांत उजेड आणला, पक्षाघाताच्या रुग्णांना पुन्हा चालावयास शिकविले. असाध्य म्हणून टाकून दिलेली अनेक माणसे घरी परतली. पुष्कळांना जखडले होते ते रोगाने नव्हे, अंथरुणानेच! वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग असावा, पण तो सर्वसाधारण रुग्णालयातच असावा, असे त्यांनी १९४३ साली लिहिले. कारण तातडीची तपासणी आणि उपचार तेथेच मिळतात. १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर ही शाखा तेथे मान्यता पावली.

आजही रात्री एखादी पडलेली आजी इस्पितळात आणली जाते, तेव्हा वयाआधी विचारावयाचा प्रश्न हा, की काल ती चालत होती काय?