मजल-दरमजल

गेल्या महिन्यात माझा भाचा धुळ्याहून एक कागद घेऊन घरी आला. कागदावर लडाखच्या सहलीचा बेत लिहिला होता. पहिल्या दिवशी दिल्लीहून विमानानं लेह. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा. तिसऱ्या दिवशी पँगाँगचं सरोवर. पाचव्या दिवशी परत. सोबत त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. आपांचं वय बासष्ट. "मामू, पाच दिवसांत सगळं बघून होतं. तुम्हीही चला," भाचा म्हणाला.

मी तो कागद दोनदा वाचला. काय काय बघायचं ते सगळं त्यात होतं. रात्री कुठं झोपायचं आणि ती जागा किती उंचावर आहे, एवढंच नव्हतं.

आपल्या खानदेशी माणसाला उंचीचा अंदाज नसतो, यात त्याचा दोष नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. तोरणमाळला हजार-अकराशे मीटरवर गेलो तरी थंड हवेचं आपल्याला केवढं कौतुक! लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं एका श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. ऊन सोसायची आपल्याला सवय आहे. पण श्वास पुरत नाही, ही गोष्ट तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

आपल्या बोलीत मात्र हे शहाणपण कधीचं येऊन बसलं आहे. 'मजल-दरमजल करत' असं आपण म्हणतो. 'मजल' म्हणजे मूळचा 'मंजिल', प्रवासी जिथं उतरतो ती जागा. पत्त्यावर आपण 'मु. पो.' लिहितो, त्यातला 'मुक्काम'ही अरबी-फारसीतूनच आला. जुन्या माणसांचा प्रवास कोसांत जितका मोजला जाई, तितकाच मुक्कामांत.

याचा दाखला आपल्या दारातच आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा रस्ता खानदेशातून जात होता. तावर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी या वाटेनं गेला. त्यानं आपल्या प्रवासवर्णनात मजलांची यादीच दिली आहे. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी गावं तीत ओळीनं भेटतात. तापीकाठचं थाळनेर ही फारुकी राजांची जुनी राजधानी. त्यांच्या कबरी आजही तिथं आहेत. त्या काळी तांड्याचा बेत म्हणजे अशी यादी. आज कुठून निघायचं यापेक्षा आज कुठं उतरायचं, हा प्रश्न आधी.

सपाटीवर मुक्काम चुकला तर चोरांची भीती, पाण्याची भीती. डोंगरात चुकला तर गाठ थेट जिवाशी. काश्मीरला जाणाऱ्या मोगल बादशहांना हे ठाऊक होतं. पीर पंजालची खिंड सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तिच्या अलीकडं-पलीकडं त्यांनी सराया बांधल्या. चिंगस, ठाणामंडी, अलियाबाद इथं त्यांच्या खुणा उरल्या आहेत. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर ही वाट चढलेल्या बर्नियेनं तिथला एक अपघात लिहून ठेवला आहे. अरुंद वाटेवर पुढचा हत्ती बिचकून मागं सरला आणि मागची रांगच्या रांग कड्यावरून कोसळली. बादशाही बंदोबस्त असूनही डोंगरानं हिशेब चुकता केला.

पण याहून उंचावरचा शत्रू दिसत नाही. त्याचं नाव मला एका फारसी ग्रंथात भेटलं. बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलत हा 'तारीख-ए-रशीदी' या ग्रंथाचा कर्ता. 1532 मध्ये यारकंदचा सुलतान सईद खान लडाख-तिबेटच्या मोहिमेवर निघाला. मिर्झा हैदर त्याचा सरदार. काराकोरमची खिंड साडेपाच हजार मीटरवर आहे. त्या मुलखात माणसाला काय होतं, ते हैदरनं वैद्याच्या बारकाईनं सांगितलं आहे. जड ओझं घेऊन धावल्यासारखी धाप लागते. डोकं दुखतं, झोप उडते, हातपाय सुजतात, माणूस बरळू लागतो आणि कधी कधी मरतो. घोड्यांनाही हा आजार होतो. तिथल्या रहिवाशांना होत नाही, परक्यांना होतो. या आजाराला त्यानं 'दमगिरी' म्हटलं आहे. दम म्हणजे श्वास. श्वासाला धरणारी ती दमगिरी. 1533 मध्ये परतीच्या वाटेवर खुद्द सुलतान सईद खान याच दमगिरीनं गेला. सोबत फौज होती, हकीम होते, खजिना होता. नव्हती ती फक्त खालची हवा.

हा 'दम' मराठीत आपण रोज वापरतो. दम लागतो, दम खातो, दम धरतो. या शब्दाशी माझं एक जुनं देणं आहे, ते आज सांगतो.

2009 मध्ये आम्ही चार मित्र जळगावहून लेहला गेलो. बेत भाच्याच्या कागदासारखाच. विमानानं पोचलो, दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला गाठला. आमच्यातला सर्वांत धडधाकट गडी रोज मेहरूण तलावाला फेरी मारणारा. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं, पण बोलला नाही. रात्री लेहच्या खोलीत तो खोकू लागला, उठून बसला. मी झोपेतच म्हणालो, "अरे, दम धर, सकाळी बरं वाटेल." धरायला त्याच्याकडं दम होता कुठं? त्याचा खोकला ऐकून खाली झोपलेला आमचा लडाखी चालक वर आला. त्यानं मित्राचे निळसर ओठ पाहिले आणि काही न विचारता गाडी काढली. रात्रभर नळीनं प्राणवायू मिळाला, सकाळच्या विमानानं मित्र दिल्लीला उतरला आणि वाचला. चालक उठला नसता तर? कवी म्हणून मी शब्दांची फार काळजी घेतो. त्या रात्रीचे दोन शब्द मात्र मला परत घेता आले नाहीत.

हा आजार नीट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात मैदानातले आपले जवान झपाट्यानं उंचावर न्यावे लागले. अनेकजण शत्रूची गोळी न लागता आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास केला. 1969 मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला आणि जगभर वाचला गेला. आजचा नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपण्याची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा खिंड ओलांडून आलात तर फारसं बिघडत नाही. रात्रीचा मुक्काम कुठं, यावर सगळं ठरतं. त्रास वाढला तर रात्र न बघता खाली उतरावं.

तांडेवाले हे पुस्तकाविना जाणत होते. कारगिलला मुन्शी अझीझ भट यांनी 1920 मध्ये सराई बांधली. यारकंद, लडाख, काश्मीर, पंजाब इथले व्यापारी तिथं उतरत, जनावरांना चारा घालत आणि मगच पुढं निघत. पुढं सीमा बंद झाल्या आणि तो व्यापार थांबला. सराईत सापडलेल्या वस्तूंचं आता कारगिलला संग्रहालय आहे. थांबण्याच्या कलेचं ते स्मारक आहे, असं मला वाटतं.

मग मी भाच्याच्या कागदाच्या समासात मुक्कामांची उंची लिहीत गेलो. विमानाऐवजी रेल्वेनं काश्मीर. 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला गाडी आहेच. श्रीनगरला दोन रात्री, सोळाशे मीटर. झोजी ला ओलांडून कारगिलला दोन रात्री, सत्तावीसशे. लेहला तीन रात्री, साडेतीन हजार. त्यातला पहिला दिवस नुसता आराम. मग नुब्रात दोन रात्री, ते लेहपेक्षा खालीच आहे. परत लेह. पँगाँग शेवटी, सरोवर बघून झोपायला खाली टांगत्सेला. परतताना लेहहून विमान, कारण उतरताना घाई चालते. आपांना रक्तदाब आहे, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांची भेट पहिल्या ओळीत.

भाच्याचा चेहरा उतरला. "मामू, पाचाचे बारा दिवस झाले!" मी त्याला मित्राची गोष्ट सांगितली. मग तो गप्प झाला आणि त्यानं कागद आईपुढं ठेवला.

आपांनी चष्मा लावून सगळे मुक्काम वाचले. म्हणाल्या, "बारा दिवस? मग दशम्या जास्त कराव्या लागतील."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)