कस्टम रॉमची कुळकथा

2008 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एक भलतीच गंमत उघडकीला आली. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, 22 ऑक्टोबरला बाजारात आला होता. तो तैवानच्या एचटीसीने बनवलेला. त्याच्या सरकत्या कीबोर्डवर कुठेही, अगदी मित्राला पाठवायच्या मेसेजमध्येही, 'रीबूट' हा शब्द टाइप करून एंटर दाबलं की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. टाइप केलेली प्रत्येक ओळ पडद्यामागे चालणाऱ्या एका शेलकडे, म्हणजे आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामकडेही, जात होती आणि त्या शेलला 'रूट'चे, म्हणजे सर्व काही करण्याचे, अधिकार होते. 'टेलनेटडी' टाइप केलं की बाहेरून जोडून घेऊन फोनचा पूर्ण ताबा मिळे. जुन्या फोनवर नवी रॉम, म्हणजे बदललेली प्रणाली, टाकण्याच्या उद्योगाचा अँड्रॉइडमधला उगम या चुकीत आहे.

पैसे मोजून घेतलेल्या फोनवर ताबा मिळवावा का लागत होता? कारण ग्राहक आपल्याच फोनमध्ये भाडेकरू होता: राहायची मुभा, भिंतीला खिळा ठोकायची नाही. जी-वनची साठवण 256 एमबी, आणि त्यातली बरीचशी प्रणालीनेच व्यापलेली. मेमरी कार्डावर ॲप टाकायची सोय नव्हती. नवी आवृत्ती कधी द्यायची आणि कधी थांबवायची, हे कंपनी ठरवणार.

गूगलने आरसी 30 या अपडेटने ती चूक लगेच बुजवली. पण तोवर लोकांनी पळवाट शोधली होती: कार्डावरून जुनी आरसी 29 टाकायची, रूट मिळवायचा, मग पुढे जायचं. 'जीझसफ्रेक' या टोपणनावाच्या प्रोग्रामरने यापुढचं पाऊल टाकलं. फोनमधली रिकव्हरी, म्हणजे अपडेट बसवणारी छोटी यंत्रणा, फक्त कंपनीची सही असलेलं अपडेट स्वीकारायची. त्याने ती रिकव्हरीच बदलली आणि रूट शाबूत ठेवणारी सुधारित आवृत्ती लोकांना दिली. पुढे सगळ्याच फोनवर हीच रीत रुळली. आधी रिकव्हरी, मग रॉम.

चुकीने दार उघडलं, पण आत काम करायला सामान हवं होतं. ते परवान्यांनी दिलं. अँड्रॉइडचा बराचसा सोर्स कोड गूगलने 2008 मध्येच खुला केला होता, आणि अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याचा असल्यामुळे त्यातले बदल जाहीर करणं फोन बनवणाऱ्यांना बंधनकारक होतं. 2009 मध्ये जीझसफ्रेकने काम थांबवलं, तेव्हा 'सायनोजेन' या नावाने वावरणाऱ्या स्टीव्ह कॉन्डिकची सायनोजेनमॉड ही रॉम पुढे आली. मेमरी कार्डावर ॲप ठेवण्याची सोय गूगलने 2010 च्या फ्रोयो या अँड्रॉइड आवृत्तीत दिली. रॉमवाल्यांकडे ती त्याआधीच होती.

सप्टेंबर 2009 मध्ये गूगलची नोटीस आली. अँड्रॉइड खुलं असलं तरी मार्केट, जीमेल, यूट्यूब ही ॲप्स खुली नव्हती. ती वाटायची नाहीत. कॉन्डिकने ती रॉममधून काढून टाकली. आजही अनेक रॉम टाकल्यावर गूगलची ॲप्स वेगळ्या झिपमधून भरावी लागतात, ती या नोटिशीमुळे. पुढच्याच वर्षी सायनोजेनमॉड 6 ने फ्रोयो जी-वनवर चालवून दाखवलं. कंपनीने या फोनला 1.6 वरच सोडून दिलं होतं. हार्डवेअर संपण्याआधी अपडेट संपतं, हे तेव्हा सिद्ध झालं.

2013 मध्ये या छंदाची सायनोजेन नावाची कंपनी झाली आणि पुढच्या वर्षी तिच्या प्रणालीवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. वनप्लस वन हा फोन सायनोजेनच्या प्रणालीसह भारतात आला होता, पण त्या प्रणालीचे भारतातले हक्क मायक्रोमॅक्स या फोन कंपनीला दिले गेले होते. डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली. काही दिवसांतच ती उठली. वनप्लसने मग स्वतःची ऑक्सिजन ओएस काढली. मायक्रोमॅक्सचा यू युरेका सायनोजेनसह विकला गेला. 2016 च्या अखेरीस सायनोजेनने सेवा बंद केल्या, तेव्हा कोड खुला असल्यामुळे स्वयंसेवकांनी तो उचलला आणि 'लिनिएज ओएस' नावाने चालू ठेवला. कंपनीने माघार घेतली, रॉम टिकली.

ड्रॉवरमध्ये पडून असलेला फोन तुम्हालाही जागा करता येईल. आधी त्याचं सांकेतिक नाव लिनिएजच्या यादीत अचूक जुळतंय का पाहा. रेडमी नोट 7 चं नाव 'लॅव्हेंडर'. शेजारच्या मॉडेलची रॉम टाकली तर फोन ब्रिक, म्हणजे निकामी, होऊ शकतो. रॉम टाकण्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो, म्हणून बॅकअप आधीच घ्या. अनलॉक केलेल्या फोनवर बँकांची आणि यूपीआयची काही ॲप्स चालत नाहीत. तेव्हा पैशांचे व्यवहार ज्या फोनवर करता, त्याला हात लावू नका. गाणी ऐकायला, वाचायला किंवा मुलांना शिकायला मात्र असा फोन अजून काही वर्षं सहज पुरतो.