भुरी, केवडा आणि पेशीची भिंत

श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या बाजूला द्राक्षबाग राखणाऱ्याला भुरी आणि केवडा हे दोन शत्रू पुरते ठाऊक असतात. दोघांनाही आपण सरसकट बुरशी म्हणतो. वर्गीकरणशास्त्रानेही त्यांना दीर्घकाळ एकाच घरात ठेवले होते.

भेद पेशीभित्तिकेत आहे, आणि त्याची कथा फ्रान्समध्ये सुरू होते. १८११ मध्ये ब्राकोनो या रसायनज्ञाने अळंबीतून एक चिवट पदार्थ वेगळा केला. तोच कीटकांच्या कवचात आढळला. १८२३ मध्ये ओदिएने त्याला ‘कायटिन’ म्हटले. वनस्पतींच्या भिंतीतील सेल्युलोज पायेनने १८३८ मध्ये ओळखले. अळंबीची भिंत झाडापेक्षा झुरळाच्या पाठीला जवळची, हे मला आजही गमतीचे वाटते.

भुरीच्या भिंतीत कायटिन असते. केवड्याच्या भिंतीत मात्र ग्लुकन आणि सेल्युलोज. तो खरी बुरशी नव्हेच, त्याचे नाते तपकिरी शैवालांशी.

१८८५ मध्ये मिलार्देने केवड्यावर मोरचूद-चुन्याचे बोर्दो मिश्रण सुचवले. तांबे भिंत पाहून मारत नाही, म्हणून तेव्हा या भेदावाचून काही अडले नाही. आजचे डायमेथोमॉर्फ मात्र सेल्युलोजची भिंत रचण्याचेच काम रोखते. भुरीवर ते फवारणाऱ्याचा पैसाही जातो आणि हंगामातले मोलाचे दिवसही.