निवेदनदृष्टी आणि काळ

निवेदनदृष्टी आणि काळ (कथात्म साहित्य) : कथा कोण सांगतो, ती कोणाच्या नजरेतून दिसते आणि घडून गेल्यावर किती काळाने सांगितली जाते, यांविषयी लेखकाने केलेली निवड. व्यक्तिरेखाप्रधान कथेत या निवडीचे महत्त्व सर्वाधिक असते. कारण माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही, यावरूनच तो वाचकाला उमगत जातो. ‘बोलतो कोण’ आणि ‘पाहतो कोण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अशी मांडणी फ्रेंच समीक्षक झेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये केली.

मराठीत व्याकरणच ही निवड लवकर करायला लावते. ‘मी गेले’ म्हणताच निवेदक स्त्री आहे हे ठरून जाते; ते झाकायचे तर ‘मला वाटले’, ‘मी पाहिले’ अशा रचनांवर निभवावे लागते. म्हणूनच ‘करमणूक’मधून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत हरि नारायण आपटे यांनी यमूला स्वतःची कहाणी सांगायला लावली, हे मोठे धाडस होते. तृतीयपुरुषी निवेदनात हेच काम आदरार्थी अनेकवचन करते. ‘दामोदर ओसरीवर आला’ हे त्रयस्थ निवेदकाचे वाक्य. ‘आबा ओसरीवर आले’ म्हटले की नजर घरातल्या मुलाची होते. एकाच परिच्छेदात दोन्ही रूपे कारणाशिवाय मिसळली, तर सारी नावे बरोबर असूनही वाचक गोंधळतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मध्ये निवेदन तृतीयपुरुषी आहे. तरीही नायिका कौतिक दुरून पाहिलेली वाटत नाही. तृतीयपुरुष म्हणजे अलिप्तपणा, हा समज त्यामुळे टिकत नाही.

प्रथमपुरुषातला ‘मी’ कथेचा नायक असलाच पाहिजे असे नाही. ‘बनगरवाडी’ (१९५५) मधला तरुण मास्तर बाहेरून आलेला आहे. धनगर जेवढे दाखवतील तेवढेच त्याला दिसते, आणि ही मर्यादाच व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीचे बळ आहे. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्ये कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. कर्णाला स्वतःचा मृत्यू सांगता येणार नाही, म्हणून अखेरचा भाग कृष्णाच्या तोंडी येतो.

काळाचा प्रश्न खरे तर अंतराचा आहे. साध्या भूतकाळात घडणे आणि सांगणे यांमध्ये फट राहते. तिच्यात पश्चात्ताप, समज, लपवाछपवी असे सगळे मावते. ‘कोसला’ (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर मागे वळून सांगतो, पण मध्येच रोजनिशी येते आणि अंतर एकदम एका दिवसावर आकसते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) मध्ये भोवती आणीबाणी असूनही मुकुंदाची समज नववीतल्या मुलाइतकीच राहते. प्रौढ लेखक मध्ये पडून ती दुरुस्त करत नाही. रीतिभूतकाळ हे मराठीचे खास साधन आहे. ‘ती दुपारी ओट्यावर बसे, कुणाशी बोलत नसे’ या एवढ्या वाक्यात वर्षे सामावतात आणि स्वभावही कळतो. आजच्या लेखनातून ही रूपे कमी होत चालली आहेत, हे नुकसानच आहे.

वर्तमानकाळात ही फट जवळजवळ मिटते. भेदरलेल्या, गुंगीतल्या किंवा पुढचे काहीच न सुचणाऱ्या पात्राला तो शोभतो. केवळ जिवंतपणा आणण्यासाठी तो वापरला, तर पात्राची मागे वळून पाहण्याची शक्ती हिरावली जाते आणि दीर्घ कादंबरीत हा तोटा फार जाणवतो. शंका असेल तर नवोदितांनी एकच प्रसंग दोन काळांत आणि दोन पुरुषांत लिहून पाहावा. ज्या मसुद्यात पात्र लेखकाला ठाऊक नसलेले काही बोलून जाते, तो ठेवावा.