हिरवा कागद, काळी भिंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या बेडरूमची एक भिंत बिघडली. आधी छताजवळच्या कोपऱ्यात ओल दिसली, मग रंगाचे पोपडे सुटले, मग काळे ठिपके आले आणि कपाट उघडलं की कुबट वास. त्याच सुमारास बायकोचा खोकला सुरू झाला. रात्री जास्त, ऑफिसात जवळजवळ नाहीच.

"ही भिंतच बाधतेय मला," ती म्हणाली.

"पुरावा काय?" असं मी विचारलं. (लग्न झालेल्या मंडळींनी हा प्रश्न विचारू नये.)

घरमालक काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, पावसाळ्यात ओल धरायचीच. दिवाळीला रंग मारून देतो की."

तर झालं असं की शनिवारी भिंत घासायची सोडून मी वाचत बसलो. भिंतीवर असा संशय घेणारे आम्ही पहिलेच नव्हतो, हे त्या दिवशी कळलं. हा वाद निदान पावणेदोनशे वर्षं चालू आहे, आणि त्यातला सगळ्यात भारी किस्सा एका हिरव्या रंगाचा आहे.

१७७५ साली शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक (म्हणजे आपल्या सोमलातलं विष) एकत्र करून एक झकास हिरवा रंग बनवला. पुढे त्याच जातीचा आणखी चमकदार रंग आला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मध्यमवर्गाला भिंतींवर छापील कागद लावायचं वेड लागलं आणि हा हिरवा घराघरात पोचला. मग तक्रारी यायला लागल्या. डोकं दुखतं, घसा धरतो, मुलं आजारी पडतात. १८३९ साली ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रातून इशारा दिला की ओलसर खोल्यांमधल्या या कागदापासून जपा. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातली चार मुलं पाठोपाठ गेली. त्यांच्या खोलीत हिरवा कागद होता. डिप्थेरिया की कागद, यावर तेव्हा बरीच भवति न भवति झाली.

कागद विकणाऱ्यांना अर्थातच हे पटत नव्हतं. विल्यम मॉरिस हा त्या काळचा नामवंत डिझायनर. त्याच्या कागदांतही हा हिरवा असायचा, आणि आर्सेनिक काढणाऱ्या एका मोठ्या खाण कंपनीचा तो काही वर्षं संचालकही होता. १८८५ मधल्या एका पत्रात त्याने या सगळ्या आरड्याओरड्याला डॉक्टरांना झालेली भुताटकीची बाधा ठरवलं. आमच्या काकांचं "ओल धरायचीच" त्याच घराण्यातलं! :)

पण एक कोडं उरत होतं. कागद भिंतीला चिकटलेला, त्याला कोणी चाटत नाही. मग विष माणसापर्यंत पोचतं कसं? आणि त्रास ओलसर खोल्यांतच जास्त का?

याचं उत्तर १८९०च्या दशकात बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन डॉक्टरने शोधलं. त्याने बटाट्याच्या लगद्यात आर्सेनिक मिसळून त्यावर बुरशी वाढू दिली. काही जातींच्या बुरशीने त्यातून लसणासारखा वास येणारा वायू सोडला. त्या वायूत ठेवलेला उंदीर मेला. झालं! ओल, ओलीवर बुरशी, बुरशी कागदातलं आर्सेनिक खाऊन वायू करते आणि तो वायू माणूस हुंगतो, अशी साखळी जुळली. त्याला 'गोझिओ वायू' असं नावच पडलं. पुढे १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजरने तो नेमका कुठला वायू आहे ते सिद्ध केलं: ट्रायमिथाइल आर्सिन. १९८२ मध्ये तर सेंट हेलेना बेटावरच्या नेपोलियनच्या घरातल्या कागदाचा तुकडा तपासला गेला, त्यातही आर्सेनिक निघालं आणि नेपोलियनच्या मरणाचा संशयही भिंतीवर आला.

(जाता जाता, याच गोझिओने १८९३ साली एका बुरशीतून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला होता. त्यालाच आज मायकोफेनोलिक ॲसिड म्हणतात, आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना त्यावर आधारित औषध देतात. म्हणजे बुरशी सरसकट खलनायक नाही.)

गोष्ट इथे संपली असती तर किती छान. पण २००५ साली कलन आणि बेंटली या दोन शास्त्रज्ञांनी सगळे जुने कागद पुन्हा तपासले आणि सांगितलं, की हा वायू समजला जातो तितका जहाल नाहीच. भिंतीवरच्या कागदातून निघालेल्या या वायूने माणसं मेली याला भक्कम पुरावा नाही. आर्सेनिक विषारीच होतं, कागदाची धूळ उडायची, ते वेगळं. पण शंभर वर्षं लोक ज्या एका खुन्याच्या मागे होते, त्याच्यावरचा आरोप टिकत नव्हता.

आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. सर्व्हर पडतो, सगळे एकाच ओळीकडे बोट दाखवतात, ती ओळ दिसायलाही गुन्हेगार असते, आणि खरी भानगड दुसरीकडेच निघते.

याचीच पुनरावृत्ती अमेरिकेत झाली. १९९३-९४ मध्ये क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी शिरलेलं होतं आणि स्टॅकिबॉट्रिस नावाची काळी बुरशी होती. १९९७ मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) या दोन्हींचा संबंध दिसतो असा अहवाल छापला, आणि 'विषारी काळी बुरशी' हा शब्द घरोघरी गेला. मार्च २००० मध्ये त्याच केंद्राने आधीच्या अभ्यासात त्रुटी होत्या, संबंध सिद्ध झालेला नाही, असं जाहीर केलं.

इथपर्यंत वाचून मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ, पुरावा नाही."

तिने फक्त खोकून उत्तर दिलं. म्हणून पुढे वाचलं, आणि बरं झालं वाचलं.

कारण त्या गदारोळानंतर २००४ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ओलसर घरांवरचा सगळा अभ्यास चाळला. रक्तस्रावाचा पुरावा पुरेसा नव्हताच. पण ओल आणि बुरशी असलेल्या घरांचा खोकला, छातीत घरघर, नाक-घशाचा त्रास आणि दमेकऱ्यांचा दमा उसळणं यांच्याशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच धरलं. बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा देता येत नाही, म्हणून ओल आणि बुरशी होऊच देऊ नका, झाली तर काढा, असा त्यांचा सल्ला. म्हणजे प्रश्नच बदलला. 'कुठली बुरशी, किती विषारी' हे राहिलं बाजूला. 'पाणी कुठून येतंय' हा खरा प्रश्न.

आणि तो प्रश्न न विचारल्याने काय होतं? इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरात बुरशी आहे अशी तक्रार त्याचे वडील २०१७ पासून करत होते. वरून रंग मारा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने घरातल्या बुरशीशी आलेल्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने मूल गेलं, असा निष्कर्ष काढला. २०२३ मध्ये त्याच्या नावाने कायद्यात तरतूद झाली. सामाजिक भाड्याच्या घरांच्या मालकांनी अशा तक्रारींवर ठराविक मुदतीत हालचाल केलीच पाहिजे, अशी.

हे वाचल्यावर "दिवाळीला रंग मारून देतो" हे वाक्य मला पूर्वीसारखं ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलने ओलीच्या कडेने रेघ काढली आणि तारीख लिहिली. मधे पाच दिवस पाऊस नव्हता, तरी ओल रेघेच्या चार बोटं पुढे गेली. म्हणजे पाऊस नाही! प्लंबरला वर नेलं तर वरच्या काकूंच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप गळत होता. रेघांचे फोटो पाहिल्यावर घरमालक काकाही मुकाट्याने तयार झाले. गळती बंद केली, भिजलेला गिलावा खरवडून काढला (तोंडाला मास्क, बायको माहेरी), भिंत पूर्ण वाळू दिली, आणि मगच रंग.

डॉक्टरांनी बायकोला ॲलर्जी असावी म्हणून इन्हेलर दिला होता. महिन्याभरात खोकला थांबला. आता तो भिंतीमुळे थांबला, औषधामुळे, की पावसाळा संपला म्हणून? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला सिद्ध करता येणार नाही. पण ते सिद्ध होण्याची वाट पाहत त्या खोलीत झोपायचं कारणही नव्हतं.

असो. तुमच्याही कपाटामागे कुबट वास येत असेल तर रंगाचा डबा आणण्याआधी एक पेन्सिल घ्या.